चर्नी रोडच्या बागेतले गुरुजी : कृष्णराव अर्जुन केळुसकर

विरारहून सुटलेली लोकल वसईची खाडी ओलांडते आणि चर्चगेटच्या वाटेवर चर्नी रोड स्थानकात थांबते. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी शेकडो जण रोज या मार्गाने ये-जा करतात. स्थानकाला लागूनच एक बाग आहे. आज ती स. का. पाटील उद्यान म्हणून ओळखली जाते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिला चर्नी रोड गार्डन म्हणत. गर्दीच्या डब्यातून त्या झाडांकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. तथापि आपल्या समाजाच्या इतिहासात या बागेला फार मोठे स्थान आहे. परळच्या चाळीत राहणारा एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर येथे वाचत बसे. येथेच एक प्रौढ शिक्षकही पुस्तक घेऊन येत. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर आणि त्या शिक्षकांचे नाव कृष्णराव अर्जुन केळुसकर.

केळुसकर गुरुजींचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. बाबासाहेबांना बुद्धचरित्र भेट देणारे गृहस्थ, एवढीच त्यांची ओळख आपल्या भाषणांतून वारंवार सांगितली जाते. ती खरी असली तरी अपुरी आहे. पुस्तक देणे ही एका दिवसाची गोष्ट होती. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे अनेक वर्षांचे वाचन, लेखन आणि विद्यार्थ्यावरचे निरपेक्ष प्रेम होते. ते सर्व ध्यानात घेतल्याखेरीज त्या भेटीचे मोल कळत नाही. निवासी शाळेच्या स्मरणिकेत या शिक्षकाचे चरित्र यावे, असे मला बरीच वर्षे वाटत होते.

केळूस ते मुंबई

कृष्णरावांचा जन्म १८६० साली वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावी झाला. गावावरूनच घराण्याला केळुसकर हे आडनाव लाभले. कोकणातील त्या पिढीच्या असंख्य मुलांप्रमाणे शिक्षण आणि पोटापाण्याचा व्यवसाय या दोन्हींसाठी त्यांना मुंबईचाच आधार होता. बहुजन समाजातून आलेल्या मुलाने इंग्रजी शिकावे, इतिहास आणि धर्म यांवरील ग्रंथ मुळातून वाचावेत आणि पुढे स्वतः ग्रंथकर्ता व्हावे, ही त्या काळी सहज घडणारी गोष्ट नव्हती. लेखणी हे काही ठरावीक जातींचे वतन समजले जात होते. कृष्णरावांनी शिक्षकी पेशा पत्करला, विल्सन हायस्कूलमध्ये अध्यापन केले आणि शाळेच्या वेळेबाहेरचे आयुष्य वाचनाला व लेखनाला वाहिले.

शिक्षकाच्या पगारात ग्रंथ विकत घेणे किती कठीण असते, हे आम्हा शिक्षकांना सांगावे लागत नाही. त्या काळात तर ग्रंथ दुर्मीळ आणि महाग होते. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा तशी जुनी आहे. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचे. परंतु ग्रंथालय गावात असणे आणि त्याचा उंबरठा आपल्याला खुला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानले जाई, त्याच्या हाती कोणी आपणहून पुस्तक देईल, ही अपेक्षा कोणी कशी करावी?

चरित्रकार केळुसकर

केळुसकर गुरुजींची लेखणी मुख्यतः चरित्राकडे वळली. १८९६ साली त्यांनी संत तुकारामांचे चरित्र लिहिले. १८९८ साली गौतम बुद्धाचे चरित्र प्रसिद्ध झाले. पुढे १९०६-०७च्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांचे विस्तृत मराठी चरित्र त्यांच्या हातून सिद्ध झाले. याच ग्रंथाच्या आधारे न. स. टाकाखाव यांनी तयार केलेले इंग्रजी शिवचरित्र १९२१ साली प्रकाशित झाले आणि मराठी न जाणणाऱ्या वाचकांपर्यंत पोहोचले.

ही तीन नावे एकत्र ठेवून पाहिली म्हणजे लेखकाच्या मनाची ठेवण ध्यानात येते. तुकाराम हे जातीच्या उतरंडीला न जुमानता अभंग रचणारे संत. शिवराय हे रयतेचे राज्य उभे करणारे राजे. तथागत बुद्ध हे माणसामाणसांतील जन्मजात भेद नाकारणारे मार्गदाते. एका शाळामास्तराने आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे या तिघांची चरित्रे लिहिण्यात घालवली, ही निवड पुरेशी बोलकी आहे.

बुद्धचरित्राच्या वेळी परिस्थिती कशी होती, हे आज आपल्याला सहसा उमगत नाही. आज प्रत्येक विहारात आणि बहुतेक घरांत बुद्धाविषयीची पुस्तके आहेत. १८९८ साली मराठीतील अशी पुस्तके बोटांवर मोजता आली असती. धर्मानंद कोसंबी यांचे पाली साहित्यावर आधारलेले लेखन पुढल्या शतकात आले. बुद्ध या भूमीत जन्मले, येथेच त्यांचा धम्म वाढला. पण त्यांचे नाव लोकांच्या स्मरणातून जवळजवळ पुसले गेले होते. विद्वान मंडळी शिलालेखांतून आणि स्तूपांच्या ढिगाऱ्यांतून ते पुन्हा शोधीत होती.

त्या शोधाचे एक ठिकाण आपल्या पायाखाली आहे. नालासोपाऱ्यातील जो उंचवटा लोक बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखत, तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केले आणि तो प्राचीन स्तूप असल्याचे सिद्ध केले. आत दगडी पेटी निघाली. पेटीत करंडक आणि बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती होत्या. तो ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत नेण्यात आला. त्याच सुमारास सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या शिलालेखाचा तुकडा भुईगाव येथे मिळाला तो १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी.

अशोकाची धम्मलिपी शतकानुशतके सोपाऱ्याच्या मातीत पडून होती. ती वाचणारा कोणी राहिला नव्हता. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हा देशभरचे ते दगड बोलू लागले. ओडिशातील धौली व जौगड येथील लेखांत तर अशोकाने एक विशेष आज्ञा नोंदविली आहे. ठरावीक नक्षत्राच्या दिवशी हा लेख सर्वांनी ऐकावा, आणि एरवीही, ऐकणारा एकच मनुष्य असला तरी त्याला तो ऐकवावा, असा तिचा आशय आहे. लिहिणे पुरेसे नाही, वाचून दाखविणाराही हवा, याचे भान त्या सम्राटाला होते. केळुसकर गुरुजींनी मराठीत बुद्धचरित्र लिहिले आणि पुढे ते एका मुलाच्या हाती ठेवले, तेव्हा त्यांच्याकडून नकळत हीच आज्ञा पाळली गेली, असे मला वाटते.

बागेतील ओळख

सुभेदार रामजी सकपाळ कुटुंबासह मुंबईत आले ते १९०४च्या सुमारास. परळला डबक चाळीतील एका खोलीत त्यांचा संसार थाटला गेला. स्वयंपाक, निजणे, पाहुणे आणि अभ्यास सर्व काही त्या खोलीतच. रामजीबाबा स्वतः रात्री उशिरापर्यंत जागत आणि पहाटे दोनच्या सुमारास भीमरावाला अभ्यासाला उठवून मग आपण निजत. मुलाला पुस्तक हवे झाले की हात आखडता घेत नसत. जवळ पैसे नसले तर लेकीकडे जात, तिचा दागिना गहाण ठेवीत आणि पुस्तक घेऊन येत. निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून परत करीत. गरिबीतही ग्रंथाला भाकरीइतका मान देणारे असे वडील लाभणे हे भीमरावाचे पहिले भाग्य.

एल्फिन्स्टन हायस्कूल ही सरकारी शाळा; पण जात शाळेच्या दारात थांबत नव्हती. शिक्षकांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून वर्गातील मुलांनी धाव घेऊन ते बाजूला फेकले. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही ती भाषा नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. अशा वर्गात मित्र कोठून मिळणार? चाळीत जागा नाही, शाळेत सोबत नाही. म्हणून शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचू लागला.

केळुसकर गुरुजीही त्याच बागेत नेमाने वाचायला येत. पुस्तकात बुडून गेलेला हा मुलगा रोज दिसू लागला, तेव्हा एके दिवशी त्यांनी त्याची चौकशी केली. मुलाने आपली जात सांगितली. त्या क्षणी गुरुजी काय करतात यावर पुष्कळ काही अवलंबून होते. ते उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले असते, तरी त्या काळी कोणी त्यांना नावे ठेवली नसती. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी मुलाला अभ्यास कसा करावा ते समजावून सांगितले आणि आपल्याजवळची चांगली चांगली पुस्तके त्याला वाचायला देण्यास सुरुवात केली.

येथे थोडे थांबले पाहिजे. पुस्तक उसने देणे ही वरकरणी किरकोळ गोष्ट दिसते. पण उसन्या पुस्तकाला परतीची वाट असते. मुलगा पुस्तक परत करायला येणार, म्हणजे पुन्हा भेट होणार. वाचले काय, समजले काय, हे विचारले जाणार आणि दुसरे पुस्तक मिळणार. वयाने चाळिशी ओलांडलेला शिक्षक आणि चौदा-पंधरा वर्षांचा विद्यार्थी यांच्यात बागेच्या बाकावर असे सख्य जुळले. त्याला मंडळाचे नाव नव्हते, वर्गणी नव्हती, नियमावली नव्हती. दोनच सभासद होते. तरीही महाराष्ट्रातील सर्वांत फलदायी वाचकमंडळांत त्याची गणना करावी लागेल.

याच परंपरेतील एक जुने उदाहरण पुण्याचे आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८४७च्या सुमारास थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे त्यांचे त्या काळातील स्नेही. वाचन, चर्चा आणि विचारविनिमय या मैत्रीतच होत असे, आणि पुढे मुलींच्या व अस्पृश्यांच्या शाळांच्या कामी यांतील मित्र जोतीरावांच्या पाठीशी उभे राहिले. एकट्याने वाचलेला विचार मनातच राहू शकतो. चारचौघांत वाचलेला विचार कामाला लागतो. पुण्यात आणि चर्नी रोडला हाच अनुभव आला.

सत्कार आणि ग्रंथभेट

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातील मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण होणे हा त्या दिवसांत मोठा प्रसंग होता. सत्काराची सभा भरली, सुधारक सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते आणि केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले, असे चरित्रकार सांगतात. बाबासाहेबांनी स्वतः १९५६ साली आपल्या बुद्धविषयक ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र हा सत्कार इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा असल्याचे आणि अध्यक्षस्थानी केळुसकर असल्याचे नोंदविले आहे. ही प्रस्तावना ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नव्हती, म्हणून बहुतेकांच्या वाचनात ती उशिरा आली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा फरक नोंदवावा. परंतु तो मूळ गोष्टीला बाध आणीत नाही. भेट कोणी दिली आणि कोणता ग्रंथ दिला, याविषयी कोठेही दुमत नाही.

त्या प्रस्तावनेत आणखी एक हृद्य तपशील आहे. सत्काराला रामजीबाबांचाच विरोध होता. परीक्षा उत्तीर्ण झाला म्हणून सभा भरविली तर मुलगा डोक्यात वारे घेईल, अशी त्यांना भीती वाटत होती. हिरमुसलेली मंडळी केळुसकरांकडे गेली, कारण ते रामजीबाबांचे स्नेही होते. केळुसकरांनी मध्यस्थी केली, थोडी वादावादी झाली आणि वडिलांनी संमती दिली. म्हणजे बागेतली ओळख तोवर घरोब्यात बदलली होती, आणि दादा केळुसकर या घरगुती नावाने बाबासाहेबांना ते अखेरपर्यंत आठवत राहिले.

भीमरावांनी ते पुस्तक मोठ्या आस्थेने वाचले. वाचून झाल्यावर जे घडले ते विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो. रामजीबाबा कबीरपंथी आणि अत्यंत धर्मशील होते. ते मुलांकडून रामायण-महाभारत रोज वाचून घेत. मुलाने आता वडिलांना विचारले की, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा गौरव आणि शूद्र-अस्पृश्यांची अवहेलना आहे, ते आपण का वाचायचे? वडिलांनी चिडून उत्तर दिले नाही. आपण अस्पृश्य असल्यामुळे मनात न्यूनगंड शिरण्याचा धोका आहे. द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्यासारखे लहान स्थितीतून मोठे झालेले लोक या ग्रंथांत भेटतात, म्हणून ते वाचावेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. मुलाला त्यात तथ्य दिसले, पण समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण आणि कृष्ण यांच्या वागण्यावर, वालीच्या वधावर आणि सीतेला मिळालेल्या वागणुकीवर त्याने आक्षेप घेतले. वडील गप्प राहिले. घरात प्रश्न विचारण्याची मुभा होती आणि हाती तुलनेसाठी दुसरे पुस्तक होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा एका मुलाचे मन बुद्धाकडे वळले.

पाठिंबा आणि त्याची मर्यादा

केळुसकर गुरुजींचे ऋण येथेच संपत नाही. एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरपर्यंत शिक्षण झाल्यावर रामजीबाबांचे बळ संपले. शिक्षण थांबण्याची वेळ आली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी मुंबईतील एका सभेत लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करण्याची तयारी दाखविली होती. केळुसकरांनी ते शब्द लक्षात ठेवले, महाराजांची गाठ घेतली आणि भीमरावांना त्यांच्यापुढे उभे केले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. कॉलेजातील प्राध्यापक म्युलर यांनीही पुस्तके आणि कपडे देऊन साहाय्य केले. १९१२ साली भीमराव बी.ए.ची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले.

सयाजीराव हे स्वतः ग्रंथांचे महत्त्व जाणणारे राजे होते. सक्तीचे प्राथमिक शिक्षण त्यांनी १९०६ साली सर्व राज्याला लागू केले, आणि १९१०पासून अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांच्या साहाय्याने गावोगावी ग्रंथालये व फिरत्या पेट्या पोहोचविल्या. ज्या बुद्धचरित्राने भीमरावांना दिशा दिली, तेही बडोद्याच्या ग्रंथमालेसाठीच लिहिले गेले होते.

पण सद्भावनेचीही मर्यादा असते, आणि तीही या चरित्रात नोंदविलीच पाहिजे. १९१७ साली बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. जातीमुळे राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना अपमानित होऊन बाहेर पडावे लागले. मुंबईस परतल्यावर केळुसकरांनी पुन्हा खटपट केली. बडोद्यातील आपल्या परिचयाच्या एका प्राध्यापकांकडे बाबासाहेबांची राहण्याची सोय त्यांनी ठरविली. बाबासाहेब बडोद्याच्या स्थानकावर उतरले तेव्हा हाती चिठ्ठी पडली : प्राध्यापकांच्या पत्नीला ते मान्य नव्हते. बाबासाहेब त्या शहरातून परतले. गुरुजींनी पुस्तक दिले, शब्द टाकला, ओळख लावून दिली. पण दुसऱ्याच्या घराचे दार उघडणे त्यांच्या हाती नव्हते. चांगल्या माणसांच्या चांगुलपणावर समाजाची मुक्ती सोपवून चालत नाही, ती स्वतः मिळवावी लागते, हे बाबासाहेब अशा अनुभवांतूनच शिकले असावेत.

दोघांच्या वाचनातून समाजाच्या वाचनाकडे

बागेतला तो धडा बाबासाहेब विसरले नाहीत. २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्देशांत वसतिगृहे काढणे तर होतेच; त्याबरोबर वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासमंडळे चालविणेही होते. सभेने १९२५च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह सुरू केले आणि मुंबईत मोफत वाचनालय चालविले. जे एका मुलाला नशिबाने मिळाले, ते सर्व मुलांना हक्काने मिळावे, अशी ही योजना होती. आपल्यासारख्या निवासी शाळांचे मूळ या विचारात आहे.

सत्कारसभेतील दुसरे गृहस्थ, सीताराम केशव बोले, यांनी १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह पाणी प्राशन केले, ते त्याच ठरावाच्या पार्श्वभूमीवर. त्या छोट्याशा सभेतून एका बाजूला पुस्तकाची आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची वाट निघाली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

केळुसकर गुरुजींचे १९३४ साली निधन झाले. पुढच्याच वर्षी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ती ऐकायला गुरुजी नव्हते. राजगृहातील ग्रंथांनी भरलेली दालने कशी वाढत गेली, सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली कसे उभे राहिले, हेही त्यांना दिसले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाऊन नवा जन्म घेतला. त्या महापूर्वेतिहासाच्या उगमाशी असलेल्या ग्रंथाचा कर्ता तेव्हा हयात नव्हता. पण त्याच वर्षी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी दादा केळुसकरांचे आणि त्यांनी दिलेल्या पुस्तकाचे ऋण कृतज्ञतेने नोंदविले. शिक्षकाला याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती मिळेल?

आपल्यापुरते

चरित्र येथे संपले. आता थोडे आपल्याविषयी.

परळ, वरळी, नायगावच्या चाळींतील आपली अनेक कुटुंबे गेल्या काही दशकांत वसई-विरारला स्थायिक झाली. १९८२च्या गिरणी संपानंतर हा ओघ वाढला. आमच्या शाळेत आलेली कितीतरी मुले या घरांतली होती. ती शिकली, नोकरीधंद्याला लागली. मात्र शाळा सुटली तसे पुस्तकही सुटले, असे माजी विद्यार्थी भेटले म्हणजे बहुतेक जण सांगतात. पहाटेची लोकल, रात्रीची लोकल, मध्ये बारा तासांचे काम. पुस्तक वाचावे असे वाटते, पण काय वाचावे आणि कोणाशी बोलावे, हा प्रश्न उरतो. विशेषतः पुरुषांच्या बाबतीत हे अधिक जाणवते. स्त्रिया विहारात एकत्र बसून ग्रंथवाचन करतात. पुरुष मंडळी जयंतीचा मंडप उभारतात, वर्गणी गोळा करतात, मिरवणुकीत घाम गाळतात. पण चार मित्र पुस्तकासाठी एकत्र बसलेले विरळाच.

या प्रसंगी माझी एक चूक मी मोकळेपणाने सांगतो. काही वर्षे ग्रंथालयाच्या कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. पुस्तके हरवतील, फाटतील, हिशेब जुळणार नाही, या धास्तीने मी ती कपाटे बहुधा बंद ठेवीत असे. पुस्तके सुरक्षित राहिली, नोंदवही निष्कलंक राहिली. आणि त्या वर्षांतील मुले पुस्तकांच्या पाठी काचेतून पाहत मोठी झाली. केळुसकर गुरुजींवर वर्गात बोलत असताना एका मुलाने विचारले की, त्यांनी दिलेली पुस्तके परत येत होती का? मला उत्तर देता आले नाही. संध्याकाळी मी कपाटे उघडली, ती पुन्हा बंद केली नाहीत. काही पुस्तके परत आली नाहीत, हे खरे आहे. पण त्यांतील एक पुस्तक वर्षांनंतर एका माजी विद्यार्थ्याच्या घरी, त्याच्या मुलीच्या दप्तराशेजारी मला दिसले. त्याने ते संकोचाने माझ्यापुढे धरले. मी ते परत घेतले नाही.

त्यानंतर काही माजी विद्यार्थी महिन्यातल्या एका रविवारी सकाळी शाळेत जमू लागले. त्यांत बसवाहक आहेत, वॉर्डबॉय आहेत, रिक्षाचालक आहेत, एक बँकेतले कर्मचारी आहेत. बाबासाहेबांचा बुद्धविषयक ग्रंथ मराठीतून आम्ही पाळीपाळीने मोठ्याने वाचतो. पहिल्या बैठकीला एक जण मागे मागे सरकत होता. वीस वर्षांत त्याने सलग पानभर मजकूर मोठ्याने वाचला नव्हता. शेजारी बसलेल्याने पुस्तक अर्धे त्याच्या मांडीवर सरकविले आणि ओळीखाली बोट धरले. तो अडखळत वाचत राहिला, पान पूर्ण झाले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत; पुढच्याने पुढचे पान घेतले. आज तो स्वतः नव्याने येणाऱ्यांसाठी बोट धरतो.

पालकांना माझी विनंती आहे की, मुलाच्या वाढदिवसाला एक पुस्तक द्यावे आणि ते वाचून झाल्यावर त्याविषयी त्याच्याशी बोलावे. रामजीबाबांसारखे त्याचे प्रश्न ऐकून घ्यावेत. माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की, आपल्या इमारतीत, विहारात किंवा लोकलच्या ठरलेल्या डब्यात दोन जण मिळाले तरी आरंभ करावा. चर्नी रोडच्या बाकावर दोघेच होते.

पुढल्या वेळी गाडी त्या स्थानकात थांबली की खिडकीतून बागेकडे अवश्य पाहावे. आणि जवळ पुस्तक असेल तर ते उघडून शेजारच्याला दिसेल असे धरावे.

केळुसकर गुरुजींच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जय भीम. नमो बुद्धाय.